मरियेचा डावा हात

आतेओच्या बापानं पोराचं नाव ठेवतानाच देवाशी भांडण उकरून काढलं होतं. आतेओ म्हणजे नास्तिक. नगरपालिकेतल्या कारकुनानं चष्मा कपाळावर सरकवून विचारलं, "नक्की हेच लिहू?" बाप म्हणाला, "हेच. आणि शाई जरा गडद वापरा." वेर्जाना हे आमचं डोंगरातलं खाणीचं गाव, त्यामुळे या नावाचं कुणाला फारसं नवल वाटलं नाही. आतेओच्या वर्गात एक 'बंडखोर' होता, दोन 'स्वतंत्र' होते, आणि एकाचं नाव तर बापानं संपावरून ठेवलं होतं. ही मुलं मोठी झाली, म्हातारी झाली, आणि एकेक करून बहुतेक गेली. चौऱ्याहत्तराव्या वर्षी आतेओ उरला होता आणि त्याच्याबरोबर पत्ते कुटायला आणखी तिघं, त्यांत ग्वाल्तिएरो आणि नेल्लो. रोज दुपारी इसोलिनाच्या बारच्या दारातल्या टेबलाशी हे चौघं बसत. आतेओ समोरच्या चर्चकडे पाठ करून बसे.

पाठ करून बसायची ही सवय नवी होती. बायको, झेलिंदा, होती तोवर तो चर्चकडे तोंड करून बसायचा, कारण शनिवारी चारच्या सुमाराला ती त्या दारातून बादली घेऊन बाहेर यायची. ती लांबूनच ओरडायची, "हरलास का जिंकलास?" आणि तो हरला असला तरी जिंकलो म्हणायचा. मार्चमध्ये ती गेली. त्यानंतरच्या पहिल्याच शनिवारी चार वाजता ते दार उघडलं, दुसरीच कुणी बाई बादली घेऊन बाहेर आली, आणि आतेओनं खुर्ची फिरवून घेतली.

घरी तर त्याहून वाईट. त्याला दोघांपुरताच स्वयंपाक यायचा. एकट्यासाठी किती घेवडा भिजवायचा याचा अंदाज सहा महिन्यांतही आला नाही, आणि एकदा शिजवलेलं सूप तो तीन-तीन दिवस खात बसायचा. मूलबाळ नव्हतं. रेडिओ लावला की आवाज व्हायचा, पण रेडिओ काही "हरलास का जिंकलास" विचारत नाही.

आमच्या खाणीच्या गावांत पुरुष चर्चची पायरी चढत नाहीत. लग्नाला नाही, बारशाला नाही, मयतालासुद्धा नाही. शवपेटी घरापासून चर्चच्या उंबऱ्यापर्यंत पुरुषांच्या खांद्यावर येते, उंबऱ्याशी बायका ती आपल्या खांद्यावर घेतात, आणि प्रार्थना संपेपर्यंत पुरुष समोर झाडाखाली उभे राहतात. काम असेल तर गोष्ट वेगळी. छप्पर गळतंय, घंटेचा दोर तुटलाय, तर गडी आत जातो. पण बाजूच्या दारानं, डोक्यावरची टोपी न काढता, आणि हातातलं हत्यार चारचौघांना दिसेल असं धरून. मग त्याला चर्चमध्ये गेला असं कुणी म्हणत नाही, कामावर गेला म्हणतात. हे नियम कुठं लिहिलेले नाहीत. लिहिलेले नाहीत म्हणूनच मोडत नाहीत.

आत जी मूर्ती आहे ती मात्र आमच्याच डोंगराच्या संगमरवराची. पाचशे वर्षांपूर्वी कुणीतरी ती घडवली. त्याचं नाव कुणाला ठाऊक नाही, आणि ज्यांना ठाऊक आहे असं वाटतं त्यांचं आपसांत जमत नाही. मरिया बसलेली आहे आणि क्रुसावरून उतरवलेला तिचा मेलेला मुलगा तिच्या मांडीवर आडवा आहे. तिचा डावा हात त्याच्या डोक्याखाली आहे आणि उजवा मोकळाच राहिलाय, त्याचं काय करावं हे तिला सुचत नसल्यासारखा. दगड वरून स्वच्छ दिसत होता, पण अर्धं काम झाल्यावर मरियेच्या गालावर करडी शीर निघाली. ज्या धनिकानं मूर्ती घडवायला सांगितली होती त्यानं नाक मुरडलं, आणि मूर्ती गावातच राहिली. त्या शिरेचे आमच्यावर फार उपकार आहेत.

आतेओनं ती पहिल्यांदा पाहिली तेव्हा तो तेरा वर्षांचा होता. संगमरवरी मूर्तींच्या कारखान्यात नुकताच चिकटला होता. उस्ताद फेर्रुच्चोनं चार नव्या पोरांना रांगेत उभं केलं, त्यांच्या डोक्यावर वर्तमानपत्राच्या घडीच्या टोप्या चढवल्या, प्रत्येकाच्या हातात वजरीचा एकेक दगड दिला आणि बाजूच्या दारानं आत नेलं. "प्रार्थना करायची नाही," तो म्हणाला. "बघायचं. आणि बोटांनी बघायचं." पोरांनी बोटं फिरवली. मुलाचं सगळं अंग घोटून घोटून गुळगुळीत केलेलं होतं. मरियेचा चेहरा आणि दोन्ही हात मात्र खरखरीत. त्यावर दातेरी छिन्नीच्या बारीक रेघा तशाच होत्या.

"हिला का नाही घोटली?" उस्तादानं विचारलं.

"वेळ पुरला नसेल," आतेओ पटकन म्हणाला.

उस्ताद हसला. "चला," म्हणाला, "जेवायची वेळ झाली." आणि तो विषय तिथंच राहिला. तरुण पोरांची चूक दुरुस्त करायचा कंटाळा करणारे उस्ताद असतात, त्यांपैकी तो एक.

आतेओ पुढं घोटणारा झाला, आणि चांगला झाला. कारखान्यात एक जण दगड ठोकळ फोडतो, दुसरा त्याला आकार देतो, तिसरा केस आणि लेस काढतो, आणि सगळ्यांत शेवटी मूर्ती घोटणाऱ्याच्या हातात येते. घोटणाऱ्याला वाटतं, आपण हात लावला म्हणून ती मूर्ती झाली. आतेओला तर न घोटलेली मूर्ती म्हणजे आंघोळ न घातलेलं मूल वाटायचं. मरियेची ती खरखर त्याच्या मनातून कधी गेली नाही.

लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात त्यानं ते झेलिंदाला सांगितलं. झेलिंदा देवभोळी. लग्न नगरपालिकेत करायला तिनं होकार दिला तो एकाच अटीवर, की आपल्या चर्चबद्दल घरात थट्टा चालायची नाही. "माझ्या हातात असतं ना," आतेओ म्हणाला, "तर मी आधी तिचा डावा हात घोटला असता. पोराच्या डोक्याखालचा. बोटांच्या बेचक्यात घोटणं सगळ्यांत अवघड. खरी परीक्षा तिथं."

"आणि घोटतात कसं?" झेलिंदानं विचारलं.

त्यानं स्वयंपाकघराच्या टेबलावर संगमरवराचा एक तुकडा ठेवून तिला दाखवलं. आधी वजरी, मग त्याहून बारीक दगड, मग त्याहून बारीक, दर वेळी पाणी, आणि सगळ्यांत शेवटी ओल्या फडक्यात शिशाची गोळी नि आम्लाची पूड. हात गोल नाही फिरवायचा, आठाच्या आकड्यासारखा फिरवायचा, म्हणजे खड्डा पडत नाही. ती हनुवटीवर हात ठेवून बघत होती. बायको आपल्या धंद्यात एवढं लक्ष घालते याचा त्याला अभिमान वाटला. त्यापलीकडे त्याला काही वाटलं नाही. आमच्या पुरुषांना बायकोच्या डोक्यात काय चाललंय याचा पत्ता लागायला साधारण एक जन्म लागतो.

चर्च झाडणारी म्हातारी वारली तेव्हा ते काम झेलिंदानं घेतलं. दर शनिवारी दुपारी किल्ली तिच्याकडं असायची, आणि आत ती एकटी. काही वर्षांनी तिनं एक नवीनच सुरू केलं. बादली उचलून निघताना घराच्या दारात थांबायची.

"येतोस का? एक गंमत दाखवते."

"इथंच सांग."

"सांगायची नाहीये. बघायची आहे."

"मग राहू दे."

"अरे, टोपी घाल, बाजूच्या दारानं ये. हातात हातोडा धर. काम आहे समज."

"बायकोच्या मागं हातोडा घेऊन? ग्वाल्तिएरो मला शवपेटीतसुद्धा चिडवेल."

ती हसायची आणि जायची. पुढच्या शनिवारी पुन्हा विचारायची. हे वीस वर्षं चाललं. तो कधी चिडला नाही, कधी गेलाही नाही. मधल्या काळात त्याच्या पेटीतले बारीक दगड कमी व्हायचे. त्यावरून त्यानं नेल्लोवर संशय घेतला आणि चार वर्षं त्याच्याशी अबोला धरला. झेलिंदानंच ते भांडण मिटवलं. नेल्लोला घरी बोलावून तिनं चेस्टनटच्या पिठाचा केक करून घातला, आणि नेल्लोला वाटलं बाई किती मोठ्या मनाची.

मार्चमध्ये तिची छाती भरली. खाली शहरातल्या इस्पितळात नऊ दिवस होती. सातव्या दिवशी तिनं विचारलं, "बरी झाले की येशील का रे एकदा?" तो म्हणाला, "आधी बरी तर हो." हेच शेवटचं धड बोलणं. तिनं डोळे मिटल्यावर त्यानं तिच्या कपाळाला ओठ लावले. कपाळ गार होतं आणि इतकं गुळगुळीत, की सगळ्या सुरकुत्या कुणी पुसून घेतल्यासारख्या. ते त्याला आवडलं नाही.

मयताच्या दिवशी त्यानं तिला उंबऱ्यापर्यंत आणलं. बायकांनी खांदा दिला, पेटी आत गेली, दार लागलं. त्याला आत जावंसं वाटलं. फार वाटलं. एक पाऊल पुढं पडलंसुद्धा. तेवढ्यात ग्वाल्तिएरोनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "घट्ट राहा, लेका." तो घट्ट राहिला. त्या घट्टपणाचं काय करायचं हे त्याला पुढचे सहा महिने कळलं नाही.

ऑक्टोबरात ओर्नेल्ला आली. फ्लॉरेन्सहून जुन्या मूर्तींची डागडुजी करायला आलेली तिशीतली पोरगी, पायात मोठे बूट, गळ्यात भिंग. चार दिवस ती मूर्तीपाशी दिवे लावून बसली. पाचव्या दिवशी, शनिवारी, ती सरळ बारमध्ये आली. आमच्या बारमध्ये बायका उभ्याउभ्या कॉफी पिऊन जातात. ही खुर्ची ओढून बसली.

"तुमच्यात घोटाई कुणाला येते?"

"येत होती पुष्कळांना," नेल्लो म्हणाला. "ते सगळे आता वरच्या कबरस्तानात घोटतात. हा एक राहिलाय."

"उस्ताद," ती आतेओला म्हणाली, "मला तुमचे डोळे पाहिजेत. मूर्तीवर कुणीतरी हात मारलाय. कशानं मारलाय ते सांगा."

आतेओनं हातातले पत्ते खाली ठेवले. उस्ताद असं त्याला गेल्या दहा वर्षांत कुणी म्हटलं नव्हतं.

"जा की," ग्वाल्तिएरो म्हणाला. "काम ते काम. टोपी घाल फक्त, नाहीतर फादर इवानो तुला तिथंच पकडून बाप्तिस्मा देईल."

"ह्या वयात?" नेल्लो म्हणाला. "पाणीच विटेल ते."

सगळे हसले. आतेओनं घरी जाऊन टोपी घातली, पेटीतून वजरीचा दगड काढून हातात धरला आणि बाजूच्या दाराशी आला. जिनं वीस वर्षं बोलावलं तिच्यासाठी नाही, आणि कोण कुठल्या पोरीसाठी एका शब्दात निघालो, हे त्याला दारातच कळलं. तो क्षणभर तिथं थांबला. मग आत गेला.

एकसष्ट वर्षांनी तो त्या मूर्तीपुढं उभा राहिला. पहिल्यांदा त्याला वाटलं की ती लहान झालीय. मग ओर्नेल्लानं दिवा बाजूला, खाली धरला, आणि आतेओच्या तोंडून नुसता श्वास बाहेर पडला.

तेराव्या वर्षी त्यानं बोटांनी पाहिलं होतं. आता डोळ्यांनी पाहिलं. मुलाचं अंग ओल्यासारखं चकाकत होतं. छातीवरून, पोटावरून, लोंबत्या दंडावरून उजेड घसरून जात होता, कुठंच ठरत नव्हता. दंडात शिरा होत्या, पण त्या रिकाम्या. तोंड किंचित उघडं होतं, आणि खालच्या ओठामागं दातांची कड दिसत होती. ती कड काढायला शिल्पकारानं किती दिवस श्वास रोखून धरला असेल, ते दगडात हात घातलेल्या माणसालाच कळावं. आणि मरिया? मरिया म्हातारी होती. आमच्या डोंगरातली कुठलीही म्हातारी, डोक्याला फडकं बांधलेली. तिच्या गालावर, हनुवटीवर, मोकळ्या उजव्या हातावर छिन्नीच्या बारीक रेघा, आणि त्या प्रत्येक रेघेत उजेड अडकून राहिला होता. ती कातडी उबदार दिसत होती. तिला रक्त होतं.

आतेओला झेलिंदाचं गार, गुळगुळीत कपाळ आठवलं. वेळ पुरला नसेल! काय पण अक्कल. त्या माणसानं मेलेल्याला घोटलं आणि जिवंत बाईला मुद्दाम तसंच ठेवलं. एकाच दगडात त्यानं एक गार माणूस आणि एक ऊन माणूस बनवलं, आणि दोघांच्या मधली हद्द फक्त घोटाईची. उस्ताद फेर्रुच्चो एवढ्यासाठी त्यांना तिथं घेऊन गेला होता. आणि आपण आयुष्यभर, प्रत्येकाला, बायकोलासुद्धा, काय सांगत राहिलो?

"आता हे बघा," ओर्नेल्ला म्हणाली, आणि तिनं दिवा मुलाच्या डोक्यामागं नेला.

मरियेचा डावा हात चकाकत होता.

तळहाताची कड, अंगठा, बोटांची पेरं, बोटांमधली बेचकी, सगळं आरशासारखं. तिनं त्याच्यापुढं एक जुना फोटो धरला, युद्धाच्या आधीचा. फोटोत तो हात उजव्यासारखाच खरखरीत होता. "हातानं केलंय, यंत्रानं नाही," ती म्हणाली. "आणि एका दिवसात नाही. वर्षानुवर्षं. मुलाचं डोकं तोलून धरणारा हात हा. अख्ख्या मूर्तीत सगळ्यांत जिवंत जागा होती ती. कुणीतरी मारून टाकली. कशानं केलंय, उस्ताद?"

आतेओनं बोट लावलं. त्याला विचार करावा लागलाच नाही. वजरी, मग बारीक, मग त्याहून बारीक, मग शिसं नि आम्ल. बेचक्यात कुठं खड्डा नाही, कुठं लाट नाही. आठाचा आकडा. काम इतकं नेटकं होतं की कारखान्यातल्या कुठल्याही घोटणाऱ्याच्या पाठीवर त्यानं थाप मारली असती. एक गंमत दाखवते. सांगायची नाहीये, बघायची आहे. तिनं त्याचं राहून गेलेलं काम त्याच्यासाठी करून ठेवलं होतं, शनिवारी शनिवारी, एकटीनं, थंडीत, आणि ते बघायला तो कधी आला नाही. त्याला मोठ्यानं रडायचं होतं. पोरीसमोर त्यानं ते गिळलं.

"फादर म्हणाले, किल्ली फक्त झाडणाऱ्या बाईकडं असायची," ओर्नेल्ला म्हणाली. "वारल्या म्हणे त्या. कुणी झेलिंदा. मला अहवालात लिहावं लागेल. मी सरळ लिहिणार, अडाणी हातानं केलेलं नुकसान."

ही परक्या गावची पोरगी. झेलिंदा त्याची कोण, हे तिला कुणी सांगितलेलं नव्हतं. येत्या नोव्हेंबरात झेलिंदाच्या नावाची छोटी पाटी त्या बाजूच्या दाराशी बसणार आहे, गावच्या बायकांनी घरोघर फिरून ती ठरवली आहे, हेही तिला ठाऊक नव्हतं. आतेओला सगळं ठाऊक होतं. अहवाल आला की पाटी गेली. मग झेलिंदा म्हणजे मूर्ती बिघडवणारी बाई, आणि गाव आहे तोवर तीच.

"तिनं नाही केलं," तो म्हणाला. "मी केलं."

"तुम्ही?"

"ती माझी बायको. किल्ली तिच्याकडून घ्यायचो. शनिवारी दुपारी. मला वाटायचं, काम अर्धवट राहिलंय."

"पण बारमध्ये सगळे सांगतात, तुम्ही इथं पाऊल टाकत नाही."

"त्यांना काय माहीत?"

ओर्नेल्लानं दिवा खाली ठेवला. "सोमवारी या," ती म्हणाली. "सगळं तपशिलानं लिहून घ्यावं लागेल. आणि सही."

अशी गोष्ट आमच्या गावात झाकून राहत नाही. फादर इवानोला कळली, म्हणजे त्याच्या स्वयंपाकिणीला कळली, म्हणजे रविवारी सकाळपर्यंत सगळ्यांना. बायकांना फारसं वाईट वाटलं नाही. आतेओ चोरून का होईना चर्चमध्ये जात होता, याचा काहींना आनंदच झाला. बाजारात एका म्हातारीनं त्याला हळूच सांगितलं, "देव सगळं बघत असतो हो." ते ऐकून घेणं त्याच्या जिवावर आलं, पण ऐकून घेतलं.

दुपारी तो बारमध्ये गेला तेव्हा पत्ते वाटून झाले होते. त्याच्या खुर्चीवर इसोलिनाचा मेहुणा बसला होता.

"काय ग्वाल्तिएरो," आतेओ म्हणाला.

ग्वाल्तिएरोनं पान टाकलं. "चाळीस वर्षं," तो म्हणाला, मान वर न करता. "चाळीस वर्षं आम्ही बाहेर पावसात उभे राहिलो. माझ्या आईच्या वेळी मी बाहेर उभा होतो, आतेओ. आई आत होती आणि मी बाहेर. तू म्हणालास, घट्ट राहा. आणि तू शनिवारी मागच्या दारानं जायचास?"

"काम होतं," आतेओ म्हणाला.

"कुणी सांगितलं होतं काम? पोपनं?"

"आणि मला चोर म्हणालास," नेल्लो म्हणाला. "दगडांसाठी. चार वर्षं माझ्याशी बोलला नाहीस. बायकोच्या हातचा केक खाऊ घातलास वर."

एक वाक्य पुरेसं होतं. मी नाही, ती. मी तर तिच्या मयतालासुद्धा आत गेलो नाही, तुमच्याबरोबर उभा होतो. ते वाक्य त्याच्या जिभेवर आलं. त्याला माणसं हवी होती. घरातल्या त्या सुपापुढं पुन्हा जाऊन बसण्याची त्याला भीती वाटत होती, खरी भीती. पण हे वाक्य या टेबलावर पडलं तर उद्या फ्लॉरेन्सच्या कागदावर जाईल, हेही त्याला कळत होतं. इसोलिनानं आतल्या बाजूच्या टेबलावर त्याच्यासाठी वाइनचा ग्लास ठेवला. तो त्यानं उभ्याउभ्या संपवला आणि घरी गेला. कुणी हाक मारली नाही.

सोमवारी ओर्नेल्ला कागद घेऊन वाट बघत होती. तिनं मूर्तीशेजारी दोन खुर्च्या मांडल्या होत्या. कुठले दगड वापरले, कोणत्या क्रमानं, पाणी कुठून आणलं, आम्ल किती, सगळं ती विचारत गेली आणि तो सांगत गेला. हे सगळं त्याला झोपेतसुद्धा सांगता आलं असतं. वर्षं विचारली तेव्हा मात्र तो अडखळला, मग झेलिंदा पहिल्यांदा दारात थांबली होती ते वर्ष त्यानं सांगितलं. ओर्नेल्ला लिहीत होती. तिचा त्याच्यावर विश्वास बसला आहे की नाही, हे तिच्या चेहऱ्यावरून कळत नव्हतं.

"एकच गोष्ट राहिली," ती म्हणाली. "ही मला काल सापडली." तिनं दातांच्या डॉक्टरकडं असतो तसा छोटा आरसा काढला, मुलाच्या मानेमागं, केसांच्या आत सरकवला आणि दिवा तिरका केला. "वाकून बघा."

आतेओ वाकला. आरशात करंगळी दिसत होती. मरियेच्या डाव्या हाताची करंगळी, मुलाच्या केसांत रुतलेली. तिच्यावर छिन्नीच्या सगळ्या रेघा जशाच्या तशा होत्या. ती कुणी घोटली नव्हती. तिच्या शेजारचं बोट अगदी मुळापर्यंत घोटलेलं होतं आणि काम तिथं स्वच्छ थांबलं होतं, हात थकून नव्हे, तर जाणूनबुजून. ज्या बाईनं चार बोटांची बेचकी एकही खड्डा न पाडता पार केली, तिला ही करंगळी जड नव्हती. त्याला एका क्षणात सगळं कळलं. ती करंगळी झेलिंदानं त्याच्यासाठी राखून ठेवली होती.

"चार बोटं केलीत," ओर्नेल्ला म्हणाली, "आणि हे एक का सोडलंत? वीस वर्षं होती तुमच्याकडं."

आतेओला ताठ व्हायला जरा वेळ लागला. टोपी डोळ्यांवर आली होती, ती त्यानं सारखी केली.

"ते बोट माझ्याकडं नव्हतं," तो म्हणाला. "ते दुसऱ्याला द्यायचं ठरलं होतं. त्याला दर शनिवारी बोलावलं. तो आला नाही."

ओर्नेल्लाचं पेन थांबलं. तिनं त्याच्याकडं पाहिलं, मग मरियेच्या हाताकडं, आणि मग त्याचे शब्द तिनं जसेच्या तसे कागदावर उतरवून घेतले.